पेटीचा हिशेब

वडगावातल्या आमच्या घरात शिरले की उजव्या हाताला दोन यंत्रमाग आणि डाव्या हाताला भिंतीला टेकवलेली एक पायपेटी, ही मांडणी मी कळायला लागल्यापासून पाहत आलो आहे. माग दिवसभर खडखडत असतात. पेटी मात्र सहा वर्षे मुकी होती. तिच्यावर आईने जुन्या लुगड्याची घडी अंथरली होती आणि त्या घडीवर कांड्यांची टोपली, विजेचे बिल, बहिणीच्या रिबिनी, असे जे जे घरात कुठे मावत नसे ते येऊन बसे. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखेच तिचे झाले होते. सगळे तिचा मान राखत होते आणि तिच्याशी बोलत कुणीच नव्हते.

२०२५ च्या मे महिन्यात एक परगावचे गृहस्थ कुणाच्या तरी ओळखीने घरी आले. जुनी वाद्ये विकत घेण्याचा त्यांचा व्यवसाय. बाबांनीच त्यांना बोलावले होते. आईने टोपली, बिल, रिबिनी उचलल्या. त्या गृहस्थांनी पेटीचे झाकण उघडले, खिशातली बॅटरी काढून आत उजेड पाडला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले. पट्ट्यांकडे त्यांनी पाहिले नाही, लाकडावरच्या नक्षीकडेही नाही. शेवटी सरळ होत म्हणाले,

"सूर पॅरिसचे आहेत. वीस हजार देतो. लाकूड तुम्ही ठेवून घेतलंत तरी चालेल."

बाबांनी मान डोलावली. मी एकदम म्हणालो, "चार दिवसांनी कळवतो." असे का म्हणालो ते मलाही ठाऊक नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहिले, पण पाहुण्यांसमोर ते काही बोलले नाहीत.

'लाकूड तुम्ही ठेवून घ्या' या वाक्याचा अर्थ मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर लागला. पेटीत जे बोलते त्याला आपल्याकडे सूर म्हणतात. पितळेची एक लहानशी पट्टी आणि तिच्या खाचेत बसवलेली पातळ जीभ. भात्यातली हवा त्या जिभेवरून गेली की ती थरथरते आणि स्वर उमटतो. बाकीचे सगळे, म्हणजे लाकूड, चामडे, कापड, स्प्रिंगा, हे त्या हवेला वाट दाखवण्यापुरते. जुन्या परदेशी सुरांचे पितळ आणि त्यांचा आवाज यांना जाणकार फार मानतात. म्हणून व्यापारी जुन्या पेट्या विकत घेतात, सूर काढतात आणि ते नव्या पेट्यांत बसवतात. त्यात गैर काही नाही. सूर वाजते राहतात. पण आमची पेटी विकली जाणार नव्हती, ती मोडली जाणार होती, एवढे खरे.

पेटी हे वाद्य मुळात आपले नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनरी आणि साहेब लोक यांच्याबरोबर ती हिंदुस्थानात आली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी तिचे पाय काढून तिला जमिनीवर बसवले आणि एका हाताने भाता मारायची सोय केली. मात्र नाटकवाल्यांना पायपेटीच सोयीची होती. पायांनी भाता हलत असला की दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात आणि ध्वनिक्षेपक नसलेल्या मंडपात आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमाना'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. असे असूनही आकाशवाणीने १९४० साली या वाद्याला दार बंद केले. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे आरोप होते, आणि ते खोटेही नव्हते. साथीपुरते ते दार उघडले १९७१ नंतर. पण या सगळ्या काळात आमच्या बेळगावात पेटी कधी बंद पडली नाही. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांचे गाव हे. येथे पेटी हे साथीचे वाद्य आहे तसेच ऐकण्याचेही आहे.

आमचे आजोबा, ज्यांना घरात सगळेच आप्पा म्हणत, विजापुरे मास्तरांचे शिष्य नव्हते. मैफल असली की ते मागच्या रांगेत बसून ऐकत आणि घरी येऊन तसे वाजवायचा प्रयत्न करत, एवढाच संबंध. आप्पा विणकर होते. दिवसा खड्डामागावर बसायचे आणि रात्री पेटीवर. "पाय दोन्हीकडे सारखेच चालतात," असे ते म्हणत, "माग चुकला तर पातळ खराब होतं, पेटी चुकली तर नाटक." जत्रांच्या दिवसांत आजूबाजूच्या खेड्यांतील हौशी मंडळी नाटके बसवत, आणि त्यांना चाली शिकवायला, पदांना साथ करायला पेटी मास्तर लागे. खानापूरकडच्या गावांत नाटक मराठी. बैलहोंगल, गोकाककडच्या गावांत कन्नड. आप्पांना दोन्हीकडून बोलावणी येत. कृष्ण पारिजाताच्या खेळालाही त्यांनी साथ केली होती. कन्नड ते अस्खलित बोलत, पण त्यांना कन्नड लिहिता येत नसे. त्यामुळे कन्नड पदे ते बालबोध लिपीत लिहून घेत.

ही गोष्ट मला माहीत होती ती त्यांच्या वहीमुळे. लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही आप्पांजवळ असे. पुढून उघडली की मराठी अभंग आणि नाट्यपदे, मागून उघडली की दासांची पदे आणि कन्नड नाटकातली गाणी, आणि मधल्या पानांवर हिशेब. आपले हे वार्षिकही एका बाजूने मराठी आणि दुसऱ्या बाजूने कन्नड असते. पहिल्या वर्षी तो अंक हातात पडला तेव्हा मला त्या वहीचीच आठवण झाली होती. आप्पांच्या वहीत मधोमध जमाखर्च होता, एवढाच फरक.

आता त्या पाण्याबद्दल सांगायला हवे.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावात जो पाऊस झाला तो येथल्या लोकांना आठवत असेल. बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात पसरणे वडगावकरांना नवे नाही, पण त्या वर्षी ते आमच्या गल्लीत शिरले. मी चौदा वर्षांचा होतो. पहाटे आईने हाक मारली तेव्हा जमिनीवर घोट्याएवढे पाणी होते आणि ते वाढत होते. बाबांनी आधी मोटारींची वीज तोडली. मग मी आणि ते सुताची बाचकी उचलून माळ्यावर चढवू लागलो. सूत आमचे नव्हते. सावकार सूत देतो, आम्ही पातळे विणून देतो आणि मजुरी घेतो. सूत भिजले तर त्याची किंमत आमच्या मजुरीतून कापली जाते. आम्ही बाचकी चढवत होतो, आई आणि बहीण धान्याचे डबे हलवत होत्या, आणि आप्पा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. त्यांना त्या वेळी उभे राहणेही कठीण झाले होते. पाणी गुडघ्याला लागले तोवर सूत सगळे माळ्यावर गेले होते. पेटी जिथल्या तिथे उभी होती. दोघांनी धरली असती तर ती पलंगावर चढवता आली असती. पण त्या वेळी ती आमच्या लक्षात आली नाही, किंवा बाबांच्या लक्षात आली आणि वेळ नव्हता. नक्की काय ते मी त्यांना कधी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले. आप्पांनी मला हात धरायला सांगितले आणि ते पेटीपुढच्या स्टुलावर बसले. पावडीवर पाय ठेवून त्यांनी एक पट्टी दाबली. खालून नुसते 'हुस्स' झाले. चामडे सुटले होते, कापड फुगून फाटले होते. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिले, मग झाकण लावले आणि म्हणाले, "मला पलंगावर ने की रे." त्यानंतर ते चार वर्षे होते. २०२३ च्या श्रावणात ते गेले. त्या चार वर्षांत त्यांनी पेटीचे नाव काढले नाही. बाबांनीही काढले नाही. बोलणे टळत गेले आणि पेटीवर लुगड्याची घडी आली.

म्हणून मे महिन्यात बाबांनी व्यापाऱ्याला बोलावले तेव्हा मला थोडे आश्चर्य वाटले. पण कारण सरळ होते. बहीण पी. यू. सी. सायन्सला आहे आणि तिच्या फीचा अठरा हजारांचा हप्ता जुलैत भरायचा होता. पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले,

"चार दिवस कशाला मागितलेस? घरात कुणाला वाजवता येते? तुला येते?"

मला येत नाही. लहानपणी आप्पांनी सरगम बसवून घेतली होती आणि दोन भजने शिकवली होती. एस्. एस्. एल्. सी.च्या वर्षी ते सुटले ते सुटलेच. तेव्हा बाबांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. उत्तर नसले की आम्ही हिशेब मांडतो. आप्पांच्या वहीत पेटीच्या खरेदीची नोंद मला सापडली. १९६९ साली एक नाटक मंडळी मोडली, तिच्या सामानातून त्यांनी ही पेटी ४५० रुपयांना घेतली होती. रोख नव्हे, दरमहा ५० रुपयांचे नऊ हप्ते. प्रत्येक हप्त्यापुढे तारीख आणि 'पावले' असा शेरा. त्या काळात एका रात्रीच्या नाटकाचे त्यांना सात रुपये मिळाल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे हा व्यवहार त्यांच्या दृष्टीने लहान नव्हता. आमच्या वर्गात शिकवतात त्याप्रमाणे दर वर्षी मूळ किमतीच्या दहा टक्के घसारा धरला तर ही पेटी १९७९ सालीच पुस्तकात शून्य झाली. घटत्या शिलकीवर धरला तर शून्य कधीच होत नाही. पण छप्पन वर्षांनी उरतात ते सव्वा रुपयाच्या आसपास. सव्वा रुपया हा देवापुढे ठेवायचा आकडा आहे, हे मनात आले आणि हसू आले.

दुसऱ्या बाजूला बाजारभाव वीस हजार. दुरुस्तीचा खर्च कळला पाहिजे म्हणून मी खडेबाजारच्या मागच्या बोळातल्या एका वृद्ध कारागिरांना घरी घेऊन आलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषा ते एकाच वाक्यात वापरतात. त्यांनी पेटी ओढून उजेडात घेतली, पुढची फळी काढली आणि भात्यात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्याला सहा वर्षांचा चिखल लागला होता. मग वरचे झाकण उघडून त्यांनी एक सूर काढला, रुमालाने पुसला, ओठांशी नेला आणि हलकेच हवा ओढली. बारीक, स्वच्छ आवाज आला. मागच्या खोलीतून आई बाहेर आली.

"मातु होगिल्ल तम्मा, उसिरु होगैति," चाचा म्हणाले. वाचा गेलेली नाही, श्वास गेला आहे.

त्यांनी खर्च सांगितला. भाता नवा करणे, पावड्यांचे पट्टे, चामडे, कापड आणि सुतारकाम मिळून सात हजार. सूर काढून साफ करणे, दमट हवेने हिरवे पडले आहेत ते सोडवणे, पट्ट्यांच्या स्प्रिंगा बदलणे आणि सुरावट लावणे मिळून साडेनऊ हजार. एकूण साडेसोळा हजार. मी मनातल्या मनात बेरीज केली. विकली तर वीस हजार येतात; ठेवली तर ते वीस हजार येत नाहीत, वर साडेसोळा हजार जातात. म्हणजे ठेवण्याची खरी किंमत साडेछत्तीस हजार. सोडून दिलेल्या लाभालाही खर्च म्हणायचे असते, हे आमच्या सरांनी फळ्यावर तीनदा लिहून शिकवले आहे. ज्या पेटीला घरात कुणी वाजवणारे नाही तिच्यासाठी साडेछत्तीस हजार. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर मी 'विकावी' असे लिहून पाच पैकी पाच गुण घेतले असते.

चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांनी माझ्या फोनवर सूर मोजायचे साधन उघडायला सांगितले आणि तोच सूर पुन्हा वाजवला. काटा खुणेच्या थोडा खाली थांबला. ते म्हणाले, "जुना नाप है." फ्रान्समध्ये १८५९ साली सुरांचे माप कायद्याने ठरवले गेले, मधला 'ए' हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा. आज सगळीकडे ४४० धरतात. आमचे सूर त्या जुन्या मापाचे असावेत, असे चाचांचे म्हणणे पडले. त्यांनी दोन्ही पर्याय समजावून सांगितले. जिभेचे टोक किंचित घासले की सूर चढतो, मुळाशी घासला की उतरतो. सगळे सूर घासून आजच्या मापाला आणले तर पेटी कुणाही बरोबर वाजेल आणि किंमतही जास्त येईल. "पण घासलेलं पितळ परत येत नाही," ते म्हणाले. "विजेचा तानपुरा असतो ना, त्याचा खटका फिरवून तो खाली आणता येतो. त्यालाच खाली आणा की."

ते ऐकून मला कळले की दुरुस्त करणे आणि विकणे या दोनच वाटा नाहीत. दुरुस्त करूनही एखादी वस्तू मोडता येते.

त्या रात्री मी वही पुन्हा काढली. खरे तर मला १९६९ चे हप्ते पुन्हा पाहायचे होते. चाचांना विचारून दुरुस्तीही दोन हप्त्यांत करता येईल का, असा विचार मनात येत होता. हिशेबाची पाने उलटत गेलो. नाटकांच्या नोंदी विरळ होत गेल्या, मग भजनाच्या बिदाग्या, मग औषधे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर अक्षर फार कापरे झाले होते. तेथे असे लिहिले होते:

'ऑगस्ट २०१९. पाणी आले. सूत वाचले. पेटीचा भाता गेला. सूत सावकाराचे, पेटी आपली. बरोबर झाले.'

बस्स, एवढेच. त्यानंतरची पाने कोरी आहेत.

मी ती ओळ किती वेळ वाचली कोण जाणे. जे दुसऱ्याचे आहे ते आधी सांभाळायचे, आपले नंतर. आम्ही ताळेबंदात देणी एका बाजूला आणि मालमत्ता दुसऱ्या बाजूला लिहितो, पण देणे म्हणजे काय ते मला तोपर्यंत समजले नव्हते. आणि दुसरे असे की, ही ओळ बाबांसाठी होती आणि बाबांनी ती वाचली नव्हती. आप्पांनी ती त्यांना बोलून का दाखवली नाही? कदाचित त्यांना वाटले असेल की यात बोलण्यासारखे काही नाही. बाबांना वाटत राहिले की म्हातारा आपल्यावर रुसून गेला. एका घरात, दहा हातांच्या अंतरावर, दोन माणसे चार वर्षे अशी राहिली.

सकाळी बाबा मागावर होते. मी वही त्यांच्यापुढे धरली. खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही म्हणून मी नुसते बोट ठेवले. त्यांनी वाचले. मग माग थांबवला. आमच्याकडे पातळ अर्धवट असताना माग सहसा थांबवत नाहीत. त्यांनी पुन्हा वाचले, वही मला परत दिली आणि माग चालू केला. दिवसभर ते एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना, ताटाकडे पाहतच, त्यांनी विचारले,

"चाचांनी किती सांगितलेत?"

"साडेसोळा हजार."

"आणि हिची फी?" त्यांनी बहिणीकडे पाहिले.

येथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. कॉलेज सुटल्यावर मी एका सुताच्या पेढीवर संगणकावर हिशेब लिहायला जातो. अकरा महिन्यांत मी चोवीस हजार रुपये शिल्लक टाकले होते. जुनी स्कूटर घ्यायची होती. रोज दोन बस बदलून कॉलेजला येण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता आणि स्कूटर कुठली घ्यायची तेही मी ठरवून ठेवले होते. व्यापारी आला त्या दिवशी, पेटी विकली तर माझे पैसे सुरक्षित राहतात, हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. चार दिवसांची मुदत मी मागितली ती आप्पांच्या प्रेमाने की त्या विचाराची लाज वाटून, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "फीचे अठरा माझ्याकडचे घ्या. उरतात सहा. चाचा दोन हप्त्यांत काम करायला तयार असतील तर पहिला हप्ता सातचा आहे."

बाबा काही बोलले नाहीत. हात धुऊन आले, देवाच्या फळीवरच्या डब्यातून एक हजार रुपये काढले आणि माझ्यासमोर ठेवले. चौथ्या दिवशी त्यांनीच त्या गृहस्थांना फोन केला. पलीकडून आणखी दोन हजार वाढवल्याचे मला ऐकू आले. बाबा एवढेच म्हणाले, "नाही, द्यायची नाही आता."

भात्याचे काम पावसाळ्यात झाले. चामडे सुकायला वेळ लागतो म्हणून चाचांनी घाई केली नाही. पेटी परत आली त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारचे भजन म्हणणारी मंडळी पाहायला आली. त्यांच्यापैकी दोघे आप्पांबरोबर खेडोपाडी हिंडलेले. त्यांतल्या एकांनी स्टूल ओढले, पाय पावडीवर ठेवले आणि पट्टी दाबली. पेटी बोलली. सगळी नाही. मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या चिकटतात आणि खर्जात काही सूर घोगरे आहेत. साडेनऊ हजारांचे दुसरे काम अजून व्हायचे आहे, आणि ते कधी होईल हे मागावर आणि माझ्या पगारावर अवलंबून आहे. पण सुरांचे माप बदलायचे नाही, हे ठरले आहे. म्हातारबुवांनी एक अभंग वाजवला, मग न थांबता दासांचे एक पद वाजवले. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. माग त्यांनी बंद केला होता.

हल्ली दर बुधवारी रात्री ते गृहस्थ अर्धा तास येतात आणि मला व बहिणीला शिकवतात. बहीण माझ्यापेक्षा लवकर शिकते. माझी बोटे हिशेबाच्या यंत्रावर चालतात तशी पेटीवर चालत नाहीत, आणि पायांचे भान ठेवले की हातांचे सुटते. स्कूटर नाही. बसमधल्या गर्दीत कधी कधी तिची आठवण येते आणि वाईटही वाटते. ते लपवण्यात अर्थ नाही.

कोणी विचारले की तुम्ही केलेत ते फायद्याचे झाले का, तर प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. पेटी दुरुस्त झाल्याने आम्हाला एक रुपयाही मिळालेला नाही. जुने वाद्य घरात कुजत ठेवण्यापेक्षा विकलेले बरे, असे म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण नाही. कुणाच्या घरी फीचा हप्ता भरायला दुसरा मार्गच नसेल तर त्याने विकावे, आणि मनाला लावून घेऊ नये. आप्पांनीच सांगून ठेवले आहे, आधी देणे. आमच्याकडे दुसरा मार्ग होता, म्हणून आम्हाला ठेवता आली, इतकेच.

पेटी घरी आली त्या रात्री बाबांनी वही मागितली. आप्पांच्या शेवटच्या ओळीखाली अर्धे पान कोरे होते. ते म्हणाले, "लिही." मी तारीख घातली आणि 'पेटीचा भाता नवा केला, रुपये ७०००' असे लिहिले. मग बाबांनी विचारले,

"कुठल्या बाजूला लिहिलेस? पेटी म्हणजे मालमत्ता ना?"

मी त्यांना समजावून सांगितले की नवी शक्ती वाढवणारा खर्च असला तर तो मालमत्तेत धरतात. वस्तू पूर्वी होती तशी परत आणायला जो लागतो तो नुसता खर्च. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग बरोबर आहे. खर्चालाच असू दे."

— बी. कॉम., तृतीय वर्ष